हर्रासाला कोणीच आलं नाही : आयएसएल आणि फुटबॉल महासंघाचा घोळ

११ जुलै २०२५ ला इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, चालवणाऱ्या कंपनीनं क्लबांना आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला पत्र पाठवलं. यंदाचा हंगाम तूर्त थांबवतो, असं त्यात होतं. आमचा महासंघाशी असलेला करार ८ डिसेंबरला संपतो, पुढचं काहीच ठरलेलं नाही. मग सप्टेंबरात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालणारी स्पर्धा कोणाच्या भरवशावर सुरू करायची, हा कंपनीचा मुद्दा.

विदर्भात आयएसएलचा एकही क्लब नाही, कधी नव्हता. तरी हे पत्र इकडच्या तालुक्याच्या मैदानांवर पोचलं. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर खेळणाऱ्या पोट्ट्यांना भारताच्या सुनील छेत्रीचे गोल पाठ असतात. त्यांचा प्रश्न सरळ होता : "आयपीएल तं बंद पडत नाही, हेच काहून बंद पडलं?" पैसा नव्हता म्हणून, असं सांगून मोकळं होता येतं. पण ते अर्धंच उत्तर आहे. पैसा का नव्हता आणि तो आणायची जबाबदारी कोणाची होती, हे समजायचं तर आधी मालक कोण आणि ठेकेदार कोण हे पाहावं लागतं.

जागा पंचायतीची, वसुली ठेकेदाराची

अखिल भारतीय फुटबॉल महासंघ स्थापन झाला १९३७ मध्ये. १९४८ मध्ये तो फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा, सदस्य झाला. फिफा एका देशातल्या एकाच संस्थेला मान्यता देते, त्यामुळं राष्ट्रीय संघ कोणता, देशातली अव्वल लीग कोणती, आशियाई स्पर्धेत कोणता क्लब जाणार, हे सगळं ठरवण्याचा हक्क या एका संस्थेकडं आहे. तिच्याखाली राज्य संघटना. आपली म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, बोलीभाषेत विफा. विफाखाली जिल्हा संघटना आणि जिल्हा संघटनांकडं नोंदलेले क्लब.

आता आठवडी बाजाराचा हर्रास, म्हणजे लिलाव, आठवा. बाजाराची जागा ग्रामपंचायतीची असते. पण दर आठवड्याला पावतीपुस्तक घेऊन भाजीवाल्यांपासून बैलवाल्यांपर्यंत वसुली करत फिरणं पंचायतीला जमत नाही. मग हर्रास होतो. ज्याची बोली जास्त, तो पंचायतीला ठरलेली रक्कम देतो आणि मुदतभर वसुली त्याची. बाजार भरला तर नफा त्याचा, पाण्यापावसानं बसला तर तोटाही त्याचाच.

डिसेंबर २०१० मध्ये महासंघानं हेच केलं. आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार झाला आणि भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क त्यात दिले गेले : लीग, राष्ट्रीय संघाचे प्रायोजक, प्रक्षेपण, जाहिराती. पुढं हे काम फुटबॉल स्पोर्ट्‌स डेव्हलपमेंट लिमिटेड या कंपनीकडं आलं. बातम्यांमध्ये जिला एफएसडीएल म्हणतात तीच ही. शेवटच्या वर्षांत महासंघाला या करारातून वर्षाला साधारण ५० कोटी मिळत. देशभरातल्या वयोगटांच्या स्पर्धा, महिलांची लीग, पंच, प्रशिक्षक, राष्ट्रीय संघाची शिबिरं यांचा मोठा खर्च त्यातूनच निघे.

पंधरा वर्षं पंचायतीनं बाजारात पाऊल ठेवलं नाही तर काय होतं? कोणता दुकानदार किती देऊ शकतो, कोणत्या महिन्यात गर्दी असते, पाण्याच्या टाकीला खर्च किती येतो, हे सगळं ठेकेदाराच्या वहीत राहतं. महासंघाचं नेमकं असं झालं. लीग कशी विकायची हे त्याला शिकावंच लागलं नाही.

ठेका द्यायची वेळ का आली

२०१० मध्ये महासंघ मूर्खपणा करत होता असं म्हणणारे आता बरेच भेटतात. तेव्हाची परिस्थिती पाहिली तर तसं म्हणवत नाही.

राष्ट्रीय पातळीवरची पहिली लीग, नॅशनल फुटबॉल लीग, १९९६ मध्ये सुरू झाली. पहिला विजेता फगवाड्याचा जेसीटी मिल्स. २००७ मध्ये तिचीच आय-लीग झाली. मैदानं रिकामी, टीव्हीवर सामने कधी दिसत, कधी नाही. २००६ मध्ये झी समूहाशी दहा वर्षांचा प्रक्षेपण करार झाला होता, तो २०१० मध्येच मोडला. त्याच वर्षी, एकदा देशाचा विजेता ठरलेला मुंबईचा महिंद्रा युनायटेड संघ मालकांनी बंद केला. पुढच्या वर्षी जेसीटीही गेला.

हे दोन संघ जाण्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे, कारण विदर्भातला फुटबॉलही त्याच पद्धतीवर उभा होता आणि बराचसा अजून आहे. भारतात फुटबॉल अनेक दशकं नोकरीवर चालला. कापड गिरणी, मोटार कंपनी, एअर इंडिया, रेल्वे, पोलीस, सैन्य; संघ कंपनीचा किंवा खात्याचा, खेळाडू त्यांच्या हजेरीपटावर. खेळणं संपलं तरी नोकरी राही. नागपूर-कामठीच्या मैदानांवर जी पिढी मोठी झाली तिचं स्वप्न परदेशी क्लबात जायचं नव्हतं, रेल्वेत लागायचं होतं. आजही गावातल्या बापाला फुटबॉलचा उपयोग सांगायचा तर दोन गोष्टी सांगितल्या जातात : दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण. यात हसण्यासारखं काही नाही. कोरडवाहू शेतीच्या घरात खेळाकडं असंच पाहिलं जाणार.

पण कंपन्यांना संघ म्हणजे जाहिरात वाटेनासा झाला तशी ही पद्धत खचली. अशा वेळी कोणी ७०० कोटी देतो म्हणाला तर महासंघ नाही म्हणेल हे शक्य नव्हतं.

झगमगाट आणि दोन लीगांचं त्रांगडं

१२ ऑक्टोबर २०१४ ला कोलकात्यात आयएसएलचा पहिला सामना झाला. आठ संघ. मालकांमध्ये सचिन तेंडुलकर, सौरव गांगुली, अभिषेक बच्चन, रणबीर कपूर. मैदानावर देल पिएरो, पिरेस, आनेल्का, पुण्याच्या संघात त्रेझेगे. कारकिर्दीच्या संध्याकाळी आलेले असले तरी नावं मोठी होती. पहिल्या हंगामात सामन्यागणिक सरासरी वीस हजारांवर माणसं आली. भारतात क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाला असं मैदान क्वचितच मिळालं असेल.

गंमत अशी की ही लीग सुरुवातीला देशाची अधिकृत अव्वल लीग नव्हतीच. ती होती आय-लीग, जिच्याकडं कोणी बघत नव्हतं. अडीच-तीन महिन्यांची आयएसएल आणि मग आय-लीग, तेच खेळाडू दोन्हीकडं. २०१७ पासून दोन्ही एकाच वेळी चालायला लागल्या आणि कोणती खरी यावर भांडण पेटलं. २०१९ मध्ये आशियाई फुटबॉल संघटनेनं मध्ये पडून आराखडा ठरवला : अव्वल लीग आयएसएल, आय-लीग दुसऱ्या पायरीवर. २०२२-२३ पासून आय-लीगचा विजेता वर चढणार आणि २०२४-२५ पासून आयएसएलमधला तळाचा संघ खाली उतरणार.

चढण्याचा भाग झाला. २०२३ मध्ये पंजाब एफसी वर आला, २०२४ मध्ये कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग. उतरण्याचा भाग काही झाला नाही.

चढउतार या शब्दावर जरा थांबतो, कारण सगळ्या भांडणाचं मूळ त्यात आहे. युरोपात लीगा एकाखाली एक रचलेल्या असतात. गावचा क्लब जिंकत गेला तर दहा-पंधरा वर्षांत वरच्या लीगमध्ये पोचू शकतो, आणि मोठा क्लब हरत गेला तर खाली येतो. अमेरिकी पद्धत उलटी. तिथं लीगमधली जागा पैसे देऊन विकत घ्यायची, मग हरलात तरी जागा कायम. आयपीएल त्याच पद्धतीची आहे आणि आयएसएलही तशीच उभी केली गेली. मालकांनी दरवर्षी कोट्यवधींची फ्रँचायझी फी भरली ती या कायम जागेच्या भरवशावर. आता त्यांना सांगायचं की हरलात तर खाली जा, टीव्ही नाही, प्रायोजक नाही, तर ते बिथरणारच. त्यांची बाजू मला कळते. पण खालून येणाऱ्यासाठी दारच नसेल तर नागपूर, कोल्हापूर किंवा ऐझॉलच्या क्लबात पैसा घालणारा माणूस कशासाठी घालेल, हाही तितकाच खरा प्रश्न आहे.

आणि खालची लीग तरी धड चालावी ना! २०२४-२५ च्या आय-लीगचा विजेता कोण हे मैदानावर ठरलंच नाही. एका सामन्यात अपात्र खेळाडू उतरवला गेल्याचा वाद महासंघाच्या एका समितीकडून दुसरीकडं गेला, महासंघानं गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला विजेता जाहीर केलं, आणि मग स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादानं जुलै २०२५ मध्ये निकाल फिरवून इंटर काशीला विजेता ठरवलं. हंगाम संपून तीन महिने उलटले होते.

खुर्चीचा खटला

आता महासंघाच्या घरातलं भांडण. हे सुरू झालं कोर्टात आणि त्यात आपल्या भागाचा माणूस मध्यभागी आहे.

गोंदियाचे प्रफुल्ल पटेल २००९ मध्ये महासंघाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या आधी प्रियरंजन दासमुन्शी यांनी वीस वर्षं ते पद सांभाळलं होतं. वरचा २०१० चा करार, आयएसएलची सुरुवात, २०१७ मध्ये भारतात झालेला सतरा वर्षांखालचा विश्वचषक, हे सगळं पटेलांच्या कारकिर्दीतलं. त्या विश्वचषकाच्या निमित्तानं १५ सप्टेंबर २०१७ ला महाराष्ट्र सरकारनं दहा लाख विद्यार्थ्यांना एका दिवशी फुटबॉल खेळायला लावायचा कार्यक्रम केला, शाळांना चेंडू वाटले. विदर्भातल्या कित्येक जिल्हा परिषद शाळांच्या कपाटात पहिला खरा फुटबॉल आला तो तेव्हा. चेंडू आले, शिकवणारा कोण आणि पुढं स्पर्धा कोणती, हे त्यासोबत आलं नाही.

क्रीडा संघटनांसाठी तेव्हा केंद्र सरकारची आचारसंहिता लागू होती. तिच्यात अध्यक्षाला जास्तीत जास्त तीन मुदती, म्हणजे बारा वर्षं. निवडणुका नियमानुसार झाल्या नाहीत अशी याचिका दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यायालयानं महासंघाची निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली, पण महासंघाची नवी घटना, म्हणजे कारभाराची नियमावली, लिहायला माणसंही नेमली. इथून घटना हा विषय जो कोर्टात अडकला तो आठ वर्षं निघाला नाही. पटेलांची तिसरी मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे म्हणून निवडणूक झाली नाही आणि तेच पदावर राहिले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना बाजूला करून कारभार तीन जणांच्या प्रशासक समितीकडं दिला.

आपल्याकडं सहकारी संस्थेवर प्रशासक बसणं ही रोजची बातमी. फिफाला ते चालत नाही. राष्ट्रीय संघटनेचा कारभार सरकार, न्यायालय किंवा आणखी कोणी बाहेरच्यानं चालवायचा नाही, असा फिफाचा नियम आहे. १६ ऑगस्ट २०२२ ला सकाळी देश उठला तेव्हा भारतीय महासंघ निलंबित झालेला होता. मुलींचा सतरा वर्षांखालचा विश्वचषक दोन महिन्यांवर होता, तो जातो की काय अशी वेळ आली. गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचला होता. त्या मुलींना एकही सामना न खेळता परत यावं लागलं. खुर्चीच्या भांडणाची किंमत कोण मोजतं याचं याहून उघड उदाहरण मला माहीत नाही.

प्रशासक समिती बरखास्त झाली, २६ ऑगस्टला निलंबन उठलं. २ सप्टेंबरला निवडणूक झाली. माजी गोलरक्षक कल्याण चौबे विरुद्ध भारताचा गाजलेला माजी कर्णधार बायचुंग भुतिया. देशातल्या फुटबॉलप्रेमींना विचारलं असतं तर निकाल वेगळा लागला असता. पण मत राज्य संघटनांना असतं. चौबे ३३, भुतिया १.

बोली शून्य

आता पुन्हा हर्रासाकडं.

ठेक्याची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपणार हे २०१० पासून लिहिलेलं होतं. मग आधीच बोलणी का झाली नाहीत? झाली, पण घटनेचा खटला अंतिम टप्प्यात होता आणि निकाल येईपर्यंत नव्या करारावर पुढं जाऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयानं महासंघाला सांगितलं होतं. नवी घटना आल्यावर कदाचित निवडणूक, कदाचित नवे नियम. आजच्या पदाधिकाऱ्यांनी पुढच्या पंधरा वर्षांना बांधून ठेवू नये, हा त्यामागचा विचार. विचार योग्य होता, पण घड्याळ थांबत नाही. एप्रिलअखेर निकाल राखून ठेवला गेला. जुलैत कंपनीचं ते पत्र आलं. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीनं खेळाडूंचे पगार थांबवले, चेन्नईयिननं कामकाज थांबवलं. फिफा आणि आशियाई संघटनेनं ३० ऑक्टोबरच्या आत घटना मंजूर करा, नाहीतर पुन्हा निलंबन, असा इशारा दिला.

१९ सप्टेंबर २०२५ ला निकाल आला. निवृत्त न्यायमूर्ती नागेश्वर राव यांनी तयार केलेला घटनेचा मसुदा काही बदलांसह मंजूर झाला. कार्यकारी समितीत नामांकित माजी खेळाडूंना जागा मिळाल्या, त्यात महिलाही. आणि लीगच्या दृष्टीनं मोठी गोष्ट : देशातली अव्वल लीग महासंघाच्या मालकीची असली पाहिजे आणि तिच्यात चढउतार असलाच पाहिजे.

१६ ऑक्टोबरला महासंघानं निविदा काढली. पंधरा वर्षांचे व्यापारी हक्क. दरवर्षी किमान साडेसदतीस कोटी किंवा एकूण उत्पन्नाच्या पाच टक्के, यातलं जे जास्त ते महासंघाला द्यायचं. चौकशी करणारे आले. शंका विचारणारे आले. ७ नोव्हेंबरला मुदत संपली तेव्हा एकाचीही बोली नव्हती. जुन्या ठेकेदाराचीसुद्धा नाही.

का? गावात बाजाराच्या हर्रासाला कोणी येत नाही तेव्हा कारणं बहुधा तीनच असतात, आणि इथंही तीच होती. बाजारात पूर्वीइतकी गिऱ्हाइकी उरली नव्हती. देशातले क्रीडा प्रक्षेपणाचे दोन मोठे खरेदीदार, स्टार आणि वायकॉम-१८, २०२४ च्या शेवटी एक झाले. दोन गिऱ्हाइकांची चढाओढ संपली की भाव पडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानं बंदी आली आणि खेळांच्या जाहिरातींत पाण्यासारखा पैसा ओतणाऱ्या कंपन्या एका आठवड्यात दिसेनाशा झाल्या. बंदी चुकीची होती असं मी म्हणत नाही. त्या ॲपांपायी गावागावात पोरांनी किती घालवलं हे सगळ्यांना माहीत आहे. पण तिजोरीला भोक पडलं हे खरं.

दुसरं, किमान बोली वस्तुस्थितीला धरून नव्हती. बाराएक वर्षं पैसा घालूनही क्लब तोट्यात आहेत हे उघड असताना नव्या माणसानं पहिल्या दिवसापासून साडेसदतीस कोटी द्यायचे. तिसरं कारण माझ्या मते सगळ्यात मोठं. पैसा ठेकेदाराचा आणि शेवटचा शब्द महासंघाचा. मालकी महासंघाकडं गेल्यावर हे आलंच. तत्त्व म्हणून बरोबर आहे. पण मग जोखीमही महासंघानं घ्यायला हवी. जोखीम दुसऱ्याची आणि हुकूम आपला, अशा अटीवर कोण पुढं येईल? डिसेंबरमध्ये आयएसएलमधल्या मुंबई सिटी क्लबातून इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीवाला सिटी फुटबॉल ग्रुप बाहेर पडला. परदेशी गुंतवणूक आली आहे असं दाखवायला जे नाव पुढं केलं जायचं, तेच गेलं.

मैदानावरचं चित्र याच काळात बिघडत गेलं. जुलै २०२३ मध्ये भारताचा पुरुष संघ फिफा क्रमवारीत ९९ वा होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो १४२ वा. सिंगापूरकडून गोव्यात हरून आशियाई चषकाची पात्रता गेली, ढाक्यात बांगलादेशकडून बावीस वर्षांनी हार झाली. चाळिशी गाठलेल्या छेत्रीला निवृत्तीतून परत बोलावलं होतं, यावरून पुढच्या फळीची अवस्था कळावी. याच वर्षी महिला संघानं थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवून आशियाई चषकात पात्रता मिळवली. पात्रता फेरीतून तिथं पोचण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. ही बातमी वर्तमानपत्रांत कुठं होती, ज्यांना सापडली त्यांनी सांगावं.

जानेवारी २०२६ मध्ये छेत्री, गोलरक्षक गुरप्रीत, बचावपटू झिंगन यांनी व्हिडिओ काढून थेट फिफाकडं मदत मागितली. देशाचं नेतृत्व केलेल्या खेळाडूंनी आपल्या महासंघाऐवजी बाहेरच्याकडं हात पसरावा, इथवर गोष्ट आली. काही दिवसांतच, ६ जानेवारीला, घोषणा झाली. तीही महासंघाच्या अध्यक्षांकडून नाही, क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांच्याकडून. १४ फेब्रुवारीपासून लीग, १४ क्लब, प्रत्येक जोडी दोनदा भिडण्याऐवजी एकदाच. हिशेब सोपा आहे : चौदा संघ एकमेकांशी एकदा खेळले की ९१ सामने होतात. दोनदा खेळले असते तर झाले असते त्याच्या अर्धे. मोठा ठेकेदार नाही, खर्च महासंघ आणि क्लबांनी मिळून उचलायचा. मला यात वाईटातलं चांगलं दिसतं. लीगची खरी किंमत किती, हे पहिल्यांदाच महासंघाला स्वतःच्या खिशातून कळणार आहे.

यात विदर्भ कुठं

क्रिकेटमध्ये महाराष्ट्राच्या तीन संघटना आहेत : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. म्हणून विदर्भाचा स्वतःचा रणजी संघ आहे, आणि त्यानं २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा करंडक आणला. उमरेड-यवतमाळकडच्या पोरासमोर विदर्भ संघ ही डोळ्याला दिसणारी पायरी आहे. फुटबॉलमध्ये तसं नाही. सगळा महाराष्ट्र विफात, संतोष ट्रॉफी या राज्यांच्या स्पर्धेला एकच महाराष्ट्र संघ, महासंघाच्या निवडणुकीत एकच राज्य मत. गोंदियाचा माणूस दिल्लीत बारा वर्षांवर अध्यक्ष राहिला तरी ही रचना तशीच राहिली.

गुणवत्ता नाही असं म्हणायची सोय नाही. कामठी हे छावणीचं गाव, तिथला फुटबॉल जुना. रब्बानी क्लबचं नाव नागपूर भागात कोणालाही विचारा. नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन जे सुरू केलं, त्या स्लम सॉकरला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. ज्या फिफानं महासंघाला निलंबित केलं, तिनंच.

ग्रामीण भागात मुलाचा किंवा मुलीचा रस्ता आज असा आहे. शाळेतून सुब्रतो चषक : तालुका, जिल्हा, नागपूर किंवा अमरावती विभाग, मग राज्य. हे क्रीडा खात्याच्या यंत्रणेतून होतं, महासंघ बंद पडला तरी चालू राहतं. पण ही पायरी सतराव्या वर्षी संपते. त्यानंतर जिल्हा संघटनेच्या लीगमध्ये खेळणारा क्लब हवा, त्या क्लबानं खेळाडूची महासंघाच्या संगणकीय प्रणालीत नोंद केलेली हवी. ही नोंद म्हणजे खेळाडूचा सातबारा. ती नसेल तर तो कितीही चांगला खेळो, कागदावर नाही. गावोगावच्या रोख बक्षिसाच्या सेव्हन-ए-साइड स्पर्धांतून शंभर सामने खेळलेला पोरगा महासंघाच्या लेखी एकही सामना खेळलेला नसतो, तो यामुळं.

वर लीग अडली की खाली काय होतं, याचा धागा इथं जुळतो. महासंघाचा पैसा आटला की आधी कापली जाते ती वयोगटाची स्पर्धा, प्रशिक्षकांचा अभ्यासक्रम, पंचांचं शिबिर. राष्ट्रीय संघाचं विमान शेवटी कापलं जातं. म्हणून आयएसएलच्या कराराची बातमी भंडाऱ्यातल्या क्रीडाशिक्षकानंही वाचायला हवी.

चौबेंची चार वर्षांची मुदत सप्टेंबर २०२६ मध्ये भरते आणि पुढची निवडणूक नव्या घटनेप्रमाणं व्हायची आहे. विफाचं मत कोणाला, यावर जिल्हा संघटनांनी काही म्हणायचं असेल तर ते आता म्हणायला हवं. मागायचं काय, याबद्दल माझं मत पक्कं आहे. विदर्भाला आयएसएलची फ्रँचायझी नको, परवडणारही नाही. अकरा जिल्ह्यांची मिळून एक विभागीय लीग हवी, जिचा विजेता राज्याच्या लीगमध्ये जाईल, जिथून सगळ्यात खालच्या राष्ट्रीय लीगचा दरवाजा उघडेल. नव्या घटनेत चढउतार सक्तीचा झालाच आहे. तो फक्त वरच्या चौदा क्लबांपुरता ठेवायचा की तालुक्यापर्यंत आणायचा, हे राज्य संघटनेच्या हातात आहे.

लीग कधी घ्यायची, यावर वाद व्हायचं कारण नाही. पावसाळ्यात आपली काळी माती बुटाला किलोकिलोनं चिकटते, मार्चनंतर दुपारी मैदानावर उभं राहवत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, शनिवार-रविवार, सकाळी एक सामना आणि दुपारी चारला दुसरा. बस आणि जेवणाचा खर्च तेवढा कोणीतरी उचलायचा.